एका मायक्रॉनचा भाव

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेवर आजचा विषय जरा भारदस्त छापला आहे : 'अल्ट्रासॉनिक मशिनिंगमध्ये एकाच वेळी अनेक निकषांचे इष्टतमीकरण : एक समीक्षा'. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस यावर काय बोलणार, असं समोर बसलेल्या अभियंत्यांना वाटत असेल. साहजिक आहे. पण या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, शेवटच्या पानावर एक वाक्य हमखास सापडतं : 'अमुक सेटिंग सर्वोत्तम आहे.' आता 'सर्वोत्तम' हा शब्द आला की ती माझी हद्द सुरू झाली. तिथे मला विचारायचा हक्क आहे की, बाबा रे, सर्वोत्तम कोणासाठी, आणि हे ठरवलं कोणी?

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी मला असे निबंध वाचायला दिले. एक वाचला, मग दुसरा, मग नादच लागला. त्यातलं गणित भीतिदायक दिसतं, पण बहुतेक ठिकाणी ते वजाबाकी, भागाकार आणि सरासरी यांच्या फारसं पुढे जात नाही. मी आज कुणा एका लेखकावर बोलणार नाही. हा एक लेखनप्रकारच झाला आहे, जसा ललितलेख हा प्रकार असतो तसा, आणि मी त्या प्रकाराची समीक्षा करतोय.

आधी यंत्र समजून घेऊ, नाहीतर हवेत बोलल्यासारखं होईल. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा तो श्राव्यातीत. या यंत्रातलं हत्यार, कारखान्यात त्याला टूलच म्हणतात, सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा खालीवर होतं. पण हलतं किती? काही दहा मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही सहसा कमी. आणि गंमत अशी की हे टूल स्वतः कापत नाही. टूल आणि जॉब यांच्यामध्ये पाण्यात कालवलेले अतिकठीण कण सोडतात, बोरॉन कार्बाइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे. त्या कालवणाला स्लरी म्हणतात. टूल त्या कणांना ठोकतं, कण जॉबवर आदळतात आणि जॉबचे बारीक बारीक टवके उडतात. पूर्वी दारावर पाट्याला टाकी लावून देणारे यायचे, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तीच टाकी, फक्त हजारो कणांची, आणि सेकंदाला वीस हजार ठोके.

याचा उपयोग काच, क्वार्ट्झ, सिरॅमिक असल्या कठीण आणि ठिसूळ पदार्थांसाठी. ईडीएमला म्हणजे ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या यंत्राला जॉब वीजवाहक असावा लागतो. इथे ती अट नाही, जॉब फारसा तापतही नाही. टूल चौकोनी असलं तर भोक चौकोनी पडतं. लुईस बालामुथ यांनी १९४० च्या दशकात याचं पेटंट घेतलं. म्हणजे तंत्र काही कालचं नाही.

आता निकष. एक, काम किती वेगानं होतं, म्हणजे मिनिटाला किती घन मिलिमीटर माल निघतो. निबंधांत याला एमआरआर म्हणतात. दोन, टूल किती झिजतं. तीन, फिनिश कसं येतं, पृष्ठभाग किती खडबडीत राहतो, तो मायक्रॉनमध्ये मोजतात. चार, ओव्हरकट : भोक टूलपेक्षा किती मोठं झालं. आणि हे चौघे एकमेकांशी भांडतात. ग्रिट म्हणजे कण जाडे घेतले की वेग वाढतो. तोही एका मर्यादेपर्यंतच. कणाचा आकार कंपनाच्या मापाच्या आसपास गेला की वेग पुन्हा घटायला लागतो. पण जाड्या कणांनी पृष्ठभाग खडबडीत होतो आणि भोकही सैल होतं, कारण ते कण टूलच्या बाजूनंही जाऊन घासतात. बारीक कण घ्या, फिनिश सुंदर, पण काम मुंगीच्या पावलानं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही. आता निबंधाची पाककृती बघा.

चार घटक घ्यायचे : कंपनाचं माप, कणांचा आकार, स्लरीतलं कणांचं प्रमाण, टूलवरचा दाब. प्रत्येकाच्या तीन पातळ्या. सगळ्या जोड्या करून बघायच्या तर ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१ प्रयोग. जपानचे गेनिची तागुची यांनी लोकप्रिय केलेल्या कोष्टकांपैकी एल-९ वापरलं की नऊ प्रयोगांत भागतं. प्रत्येक प्रयोगात चारही निकष मोजायचे. मग ते ० ते १ या पट्टीवर आणायचे, त्यांची एक सरासरी काढायची, आणि ज्याचा आकडा मोठा तो 'सर्वोत्तम'. सरासरी काढायच्या रीती अनेक आहेत. चीनचे डेंग जुलाँग यांनी १९८२ च्या सुमारास मांडलेल्या 'ग्रे' पद्धतीतलं ग्रे रिलेशनल ॲनालिसिस विशेष आवडीचं. दुसरी टॉपसिस, १९८१ ची. साती यांची एएचपी आहेच. शेवटी एक खात्रीचा प्रयोग, आणि निष्कर्ष.

एल-९ बद्दल एकच गोष्ट जाता जाता सांगतो. त्यात चार घटक बसवले की कोष्टक काठोकाठ भरतं. दोन घटक एकमेकांवर काय परिणाम करतात हे बघायला जागाच उरत नाही. आणि मी आत्ताच म्हटलं की कणाच्या आकाराचा परिणाम कंपनाच्या मापावर अवलंबून असतो! म्हणजे या यंत्राचं जे वैशिष्ट्य, तेच बघायची सोय काढून टाकून आपण प्रयोगाला बसतो. हे संख्याशास्त्रज्ञांनी अनेकदा सांगितलंय, मी त्यात भर घालत नाही.

माझा मुद्दा त्या ० ते १ च्या पट्टीचा आहे. फळ्याकडे बघा. हे आकडे माझे, उदाहरणापुरते, आणि सोयीसाठी दोनच निकष घेतो. सेटिंग 'क' : वेग ६०, खडबडीतपणा ३ मायक्रॉन. सेटिंग 'ख' : वेग ४०, खडबडीतपणा दीड मायक्रॉन. सेटिंग 'ग' : वेग २०, खडबडीतपणा १ मायक्रॉन. वेग जास्त तितका चांगला, खडबडीतपणा कमी तितका चांगला. पट्टीवर आणू. सर्वात चांगल्याला १, सर्वात वाईटाला ०. वेगात क ला १, ख ला ०.५, ग ला ०. फिनिशमध्ये क ला ०, ख ला ०.७५, ग ला १. दोन्ही निकषांना सारखं वजन देऊन सरासरी काढली : क ०.५, ख ०.६२५, ग ०.५. ख जिंकला. मधला मार्ग जिंकला म्हणून आपल्यालाही बरं वाटतं.

आता चौथा प्रयोग करू. सेटिंग 'घ' : वेग २०, खडबडीतपणा ५ मायक्रॉन. म्हणजे हळूही आणि ओबडधोबडही. कुठलाही शहाणा माणूस हे सेटिंग वापरणार नाही. क, ख, ग यांचे आकडे तसेच, त्यांना कुणी हात लावलेला नाही. पण पट्टी आता १ ते ५ मायक्रॉन अशी झाली. फिनिशमध्ये क ला ०.५ मिळाले, ख ला ०.८७५, ग ला १. सरासरी काढा : क ०.७५, ख ०.६९, ग ०.५, घ शून्य. आता क जिंकला!

(श्रोत्यांत कुजबुज)

अहो, हे काय झालं? निवडणुकीला एक असा उमेदवार उभा राहिला ज्याला एकही मत नाही, आणि त्याच्या येण्यानं पहिल्या दोघांचा निकाल उलटला. याला विद्वान 'क्रमपालट' म्हणतात. एएचपीबद्दल बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच असा क्रमपालट दाखवून दिला होता. पण मला त्याच्या मुळाशी जायचंय. पहिल्या वेळी पट्टीनं गुपचूप काय ठरवलं? खडबडीतपणाचा पूर्ण पल्ला २ मायक्रॉनचा, वेगाचा पूर्ण पल्ला ४० चा, आणि दोन्ही सारखे. म्हणजे एका मायक्रॉनचा भाव २० घन मिलिमीटर. घ आल्यावर पल्ला ४ मायक्रॉनचा झाला, म्हणजे मायक्रॉनचा भाव १० वर आला. ख हा क पेक्षा दीड मायक्रॉननं सरस, वेगात २० नं मागे. वीसच्या भावानं दीड मायक्रॉनचे ३० होतात, ख जिंकतो. दहाच्या भावानं १५ होतात, ख हरतो. एका फसलेल्या प्रयोगानं फिनिशचा बाजारभाव निम्म्यावर आणला आणि निबंधात त्याचा उल्लेखही नाही. कारण भाव ठरवला जातोय हेच लेखकाला दिसलेलं नसतं. तो म्हणतो, मी फक्त आकडे 'सामान्यीकृत' केले.

आणि ग्रे पद्धत लावली तर? पहिलेच तीन प्रयोग घ्या, घ पुसून टाका. ग्रे पद्धतीत प्रत्येक आकड्याचं आदर्शापासूनचं अंतर काढतात आणि ते एका सूत्रात घालतात. त्या सूत्रात एक गुणांक असतो, तो ० ते १ मध्ये कुठलाही घेता येतो, पण सगळे ०.५ घेतात. का? मागच्या निबंधात ०.५ होता म्हणून. तर गणित असं येतं : क ०.६६७, ग ०.६६७ आणि ख ०.५८३. मघाचा पहिला आलेला ख आता शेवटचा! घरी जाऊन करून बघा. त्या सूत्राचा स्वभावच असा आहे की एका निकषात जो अव्वल, त्याला ते भरभरून गुण देतं, आणि जो सगळीकडे बरा पण कुठेच पहिला नाही, त्याला ते मागे टाकतं. एखाद्या घराण्याची अशी रीत असू शकते, नाही असं नाही. पण ही रीत आहे, हे मूल्य आहे. ते ०.५ या आकड्याच्या पोटात दडून बसलंय आणि वर निबंधात शब्द आहे 'वस्तुनिष्ठ'.

आता सारख्या वजनाबद्दल. 'कुठल्याही निकषाला झुकतं माप न देता सर्वांना समान वजन दिले आहे', असं वाक्य असतं. वाचताना फार न्याय्य वाटतं. पण आपल्याकडे म्हण आहे ना, सगळे घोडे बारा टक्के. समान वजन हेही एक वजनच आहे, आणि ते कुणीतरी दिलेलं आहे. समजा तुम्ही चार निकष मोजले आणि त्यात खडबडीतपणा दोन वेगवेगळ्या मापांनी मोजला, तर समान वजनात फिनिशला आपोआप दुप्पट वाटा मिळाला. निःपक्षपातीपणा कुठे गेला? काही हुशार लेखक म्हणतात की आम्ही वजन मुळी ठरवतच नाही, आकड्यांतूनच काढतो. एंट्रॉपी पद्धत. ज्या निकषाचे आकडे जास्त पसरलेले, त्याला जास्त वजन. पण पसरणं आणि महत्त्वाचं असणं या एक गोष्टी आहेत का? दहा विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात खूप फरक आहे आणि ज्ञानात कमी फरक आहे, म्हणून हस्ताक्षराला जास्त गुण देणार? शिवाय आकडे किती पसरतात हे मी कणांचे कुठले आकार प्रयोगाला घेतले यावर ठरतं. ती निवड माझीच.

इथे केनेथ अ‍ॅरो यांचं नाव घ्यावं लागतं. त्यांचं पुस्तक १९५१ चं. अनेक मतदारांच्या पसंतीक्रमांतून समाजाचा एक पसंतीक्रम काढायचा असेल आणि काही अगदी साध्या, वाजवी अटी पाळायच्या असतील, तर पर्याय तीन किंवा अधिक झाले की असा नियमच असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. मतदारांच्या जागी निकष ठेवा. अभियंते यावर म्हणतात, आमच्याकडे नुसता क्रम नाही, आमच्याकडे दशांशापर्यंत मोजमाप आहे. अमर्त्य सेन यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात यालाच हात घातला. नुसत्या मोजमापानं सुटका होत नाही, एकाचं माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून बघता आलं पाहिजे. वेग कितीही बारकाईनं मोजा, फिनिश कितीही बारकाईनं मोजा, त्यातून मायक्रॉनचा भाव निघत नाही. तो बाहेरून आणावा लागतो. आणि बाहेरून म्हणजे कुठल्यातरी माणसाकडून, ज्याला त्या भोकाचं पुढे काहीतरी करायचंय.

आपल्याकडे महाभारतात शांतिपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध संपलेलं आहे. धर्म, अर्थ, काम यांत श्रेष्ठ काय, असा प्रश्न युधिष्ठिर भावांना आणि विदुराला विचारतो. विदुर धर्म म्हणतो, अर्जुन अर्थाची बाजू घेतो, भीम कामाची. नकुल-सहदेव अर्थ आणि धर्म यांची सांगड घालतात. युधिष्ठिर सगळ्यांचं ऐकतो आणि मोक्षाकडे वळतो. व्यासांनी सरासरी काढली नाही. ज्यानं जे वजन दिलं त्याचं नाव त्या वजनाला लावून ठेवलं. भीमाचं मत भीमाचं आहे हे आपल्याला कळतं आणि भीम कोण हेही आपल्याला माहीत असतं. आपल्या निबंधांत मात्र कर्मणी प्रयोग : 'वजने देण्यात आली.' कोणाकडून? व्याकरणानं माणूस गायब केला.

याचा अर्थ हे सगळं शास्त्रच टाकाऊ, असं मी म्हणत नाहीये. व्हिल्फ्रेडो पॅरेटो हे अर्थशास्त्रात येण्यापूर्वी अभियंता होते, रेल्वेत आणि लोखंडाच्या कारखान्यांत त्यांनी नोकरी केली. त्यांच्या नावाची जी कल्पना आहे ती या विषयातली सर्वात प्रामाणिक कल्पना. जे पर्याय दुसऱ्या एखाद्या पर्यायाहून कुठल्याच निकषात सरस नाहीत आणि कशात तरी कमी पडतात, ते काढून टाका. आमचा घ तिथेच गळला. उरलेले क, ख, ग तसेच समोर ठेवा आणि थांबा. हे करण्याचं फार चांगलं साधन आपल्याच देशात तयार झालं : आयआयटी कानपूरचे कल्याणमय देब आणि त्यांचे सहकारी यांचं एनएसजीए-२, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेलं आणि जगभर वापरलं जाणारं. ते एक उत्तर देत नाही, उत्तरांची रांग देतं. पण दुःख असं की पुष्कळ निबंध ही रांग काढतात आणि पुढच्याच परिच्छेदात टॉपसिस लावून तिच्यातला एक गडी उचलतात. थांबवत नाही त्यांना. एक आकडा आला नाही तर निबंध पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही.

तागुचींवरही अन्याय झालाय, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या विचाराचा गाभा कोष्टकं हा नव्हताच. वस्तू सदोष निघाली तर समाजाचं किती नुकसान होतं ते पैशात मांडा, असं ते म्हणत. म्हणजे भाव उघड सांगा. आपण त्यांची कोष्टकं उचलली आणि नुकसानीचा हिशेब तिथेच ठेवून आलो.

पण सर्वात गंभीर मुद्दा पुढेच आहे. जे मोजलं नाही त्याचं वजन किती? शून्य. कोणी न ठरवता, न लिहिता, शून्य. ठिसूळ पदार्थाला टाकी मारली की पृष्ठभागाखाली बारीक भेगा जातात. ग्रिफिथ यांनी काचेवरच्या अभ्यासातून १९२१ मध्येच दाखवलं की काचेची ताकद ठरते ती तिच्यातल्या भेगांवरून. खडबडीतपणा मोजणारी सुई पृष्ठभागावरून फिरते, तिला खालची भेग दिसत नाही. तसंच भोक आरपार जाताना पलीकडच्या कडेला कपचे उडतात. अनुभवी कारागीर जॉबच्या मागे काचेची पट्टी चिकटवून घेतो, म्हणजे कपचे उडायचे ते त्या पट्टीचे उडतात. आता चार निकषांवर 'सर्वोत्तम' ठरलेलं सेटिंग भेगांच्या बाबतीत सर्वात वाईट असू शकतं की नाही? असू शकतं. निबंध त्याबद्दल गप्प असतो, आणि त्याचं शीर्षक मात्र म्हणतं, 'बहुनिकष इष्टतमीकरण'.

मग म्हणतात, आम्ही खात्रीचा प्रयोग केला की! केलात, पण कशाची खात्री झाली? तुम्ही भाकीत केलेला वेग आणि फिनिश खरोखर आलं, एवढीच. चांगली गोष्ट आहे. पण ते वेग-फिनिशचं मिश्रण हवंसं आहे याची खात्री कुठल्याही प्रयोगानं होणार नाही.

एवढ्यासाठी मी का तळमळतोय, असं वाटेल. दोन कारणं. हे निबंध बरेचसे एम.टेक.च्या आणि पीएच.डी.च्या मुलांच्या हातून लिहिले जातात. त्यांना आपण काय शिकवतो? की चांगलं काय हा प्रश्न सूत्रात आकडे घातले की सुटतो, आणि सुटला नाही तर सूत्र बदलायचं. आज ग्रे, उद्या टॉपसिस, परवा कुठल्याशा प्राण्याच्या नावाचा अल्गोरिदम. मुंग्या झाल्या, मधमाश्या झाल्या, वटवाघळं झाली. केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ च्या एका लेखात या उपमांच्या बाजाराची चांगली झडती घेतली आहे, जमल्यास वाचा. दुसरं कारण, हीच पाककृती आता यंत्रापुरती राहिलेली नाही. महाविद्यालयांची क्रमवारी, शहरांची क्रमवारी, सगळीकडे हीच पट्टी आणि हीच वजनं. तिथे क्रम उलटला की माणसांचं नशीब उलटतं. काचेतल्या भोकावर हे दिसायला सोपं जातं, म्हणून मी भोक निवडलं.

आता प्रश्न घेऊ. हो, तुम्ही, मागे. बोला ताई.

(प्रश्न : सर, पण कारखान्यात शेवटी यंत्रावर एकच सेटिंग लावावं लागतं. तीन पर्याय समोर ठेवून थांबता येत नाही. मग करायचं काय?)

बरोबर आहे. थांबता येत नाही. म्हणूनच जॉब कोणाचा आहे ते आधी विचारा. समजा भोक पाडून पुढे ते पॉलिश होणारच आहे. तर क लावा, वेग घ्या, खडबडीतपणा पुढच्या टप्प्यावर निघेल, फक्त भेग किती खोल गेली ते एक-दोन जॉब फोडून बघा. समजा तेच भोक तसंच्या तसं वापरायचंय आणि त्यात दुसरा भाग घट्ट बसणार आहे. तर तुमचा भाव पूर्ण बदलला, ग कडे जा, ओव्हरकट बघा, वेळ लागू दे. दोन्ही वेळा निबंधात लिहा की हे काम अमुक वापरासाठी होतं, आणि एक मायक्रॉन वाचवायला आम्ही इतका वेग सोडायला तयार होतो. एक ओळ लागते. आणि ती ओळ लिहायच्या आधी यंत्रावर उभा असतो त्या माणसाला विचारा. त्याला तो भाव बहुधा ठाऊक असतो, पण त्याला कुणी विचारलेलं नसतं.

पुढचा प्रश्न, त्या खिडकीजवळच्या गृहस्थांचा.